नाव नसलेला दांडा

भंगाराच्या बाजारात वस्तूंच्या दोनच जाती असतात. एक नाव असलेली आणि दुसरी नाव नसलेली. नाव असलेली वस्तू गिऱ्हाईक हातात घेते, उलटून पाहते आणि तिची किंमत विचारते. नाव नसलेली वस्तू तराजूच्या पारड्यात जाते आणि किलोच्या भावाने निकाली निघते. लोखंड तेच, घडण तीच, त्यामागे कोणा कारागिराने गाळलेला घामही तोच. पण ‘हे काय आहे?’ या एका प्रश्नाचे उत्तर हरवले की सारे मोल हरवते. माणसांच्या बाबतीतही असेच घडत असते, हे सांगायला कोणी तत्त्वज्ञ नको. आम्हांला मात्र हा धडा एका मोटारीच्या कॅमशाफ्टने शिकवला आणि तोही मालवणात, १९९८ सालच्या पावसाळ्यानंतर.

त्या वर्षी जानेवारीत कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत पूर्णपणे सुरू झाली होती. कुडाळ आणि कणकवलीची स्थानके गजबजू लागली होती आणि तेथून मालवणकडे येणाऱ्या पाहुण्यांसाठी मोटारगाड्यांना पूर्वी कधी नव्हती एवढी मागणी आली होती. गाड्या बहुतेक जुन्याच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट, म्हणजे पुढे पद्मिनी झालेली गाडी, बंगालमधील उत्तरपाड्याची ॲम्बॅसिडर, महिंद्राची जीप, आणि डिसेंबर १९८३ पासून रस्त्यावर आलेली मारुती. या चार घराण्यांची दुखणी काढण्यात आमच्या धाकट्या काकांचे आयुष्य गेले. मालवणहून कट्ट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांचे लहानसे गॅरेज होते. लोक त्यांना नावाने क्वचितच हाक मारीत. ते सगळ्यांचे ‘मेस्त्री’ होते.

काका त्याच पावसाळ्यात वारले. मागे काकी, नर्सिंगचे शिक्षण घेत असलेली मुलगी, पतसंस्थेचे थोडे कर्ज आणि घरामागच्या मांगरात रचून ठेवलेले जुने सुटे भाग एवढेच उरले. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. सगळा माल एकदम, किलोच्या भावाने, असे त्याचे बोलणे होते. त्यात त्याची लबाडी नव्हती. त्याचा धंदाच तो. पण काकांची एक सवय आम्हां पुतण्यांना ठाऊक होती. गॅरेजमध्ये आलेला प्रत्येक जुना भाग ते रॉकेलने धूत, त्याला ग्रीस लावीत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळीत आणि वर पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधीत. समुद्राचा खारा वारा उघड्या लोखंडाला एका पावसाळ्यात खाऊन टाकतो, म्हणून ग्रीस. आणि माणसाची आठवण लोखंडाहून लवकर गंजते, म्हणून चिठ्ठी.

आम्ही तिघे भावंडे दिवाळीच्या सुटीत मांगरात बसलो आणि एकेक गाठोडे सोडून वहीत नोंद करू लागलो. आमच्यापैकी कोणीही मेस्त्री नव्हते, पण चिठ्ठ्या बोलत होत्या. फियाटचा कॅमशाफ्ट, जीपचा रॉकर, मारुतीचे हेड. गॅरेजवाल्यांना दाखवता येईल अशी यादी होत गेली. अखेरीस एकच गाठोडे असे निघाले की त्यावर चिठ्ठीच नव्हती. आत एक कॅमशाफ्ट होता. वापरलेला, जड, आणि मुका.

येथे वाचकांसाठी थोडे थांबले पाहिजे. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा एक दांडा. त्याच्यावर ठरावीक अंतरावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. त्यांना कॅम किंवा लोब म्हणतात. दांडा फिरला की उंचवटा वर येतो, वरचा टॅपेट उचलतो आणि त्याच्याद्वारे इंजिनाची झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडते. उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग ती झडप मिटवते. एक झडप हवा व पेट्रोल आत घेते, दुसरी जळलेला धूर बाहेर सोडते. चार टप्प्यांच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरला की कॅमशाफ्ट एकदाच फिरतो. थोडक्यात, इंजिनाने श्वास केव्हा घ्यायचा आणि केव्हा सोडायचा हे ठरवणारा हा दांडा आहे. पिस्टन, क्रँक, कार्ब्युरेटर यांपैकी सारे ठीक असले आणि हा चुकीचा असला, तर गाडी धडपणे चालत नाही. वेळ फारच बिघडली तर काही इंजिनांत पिस्टन उघड्या झडपेवर आदळून ती वाकवतो. म्हणूनच नाव ठाऊक नसलेला कॅमशाफ्ट अंदाजाने कोणाच्या गळ्यात मारणे हा केवळ व्यवहारातला खोटेपणा नव्हे. तो दुसऱ्याच्या पोटावर पाय आहे.

ही युक्ती मोटारीपेक्षा कितीतरी जुनी आहे. मेसोपोटेमियातील अल-जझारी या कारागिराने १२०६ साली लिहिलेल्या यंत्रांच्या ग्रंथात कॅम बसवलेले दांडे आढळतात. युरोपात तर त्याआधीच पाणचक्कीच्या दांड्यावर कॅम बसवून जड हातोडे उचलत, आणि ते हातोडे लोकरीचे कापड कुटत. बाराव्या शतकात फ्रान्समधील क्लेअरव्हो येथील सिस्टर्शियन मठात नदीचे पाणी वळवून धान्य दळणे, कापड कुटणे अशी कामे करून घेतली जात होती. प्रार्थनेच्या घंटेबरोबर जगणाऱ्या त्या संन्याशांना ठरल्या वेळी उचलणारे आणि ठरल्या वेळी सोडणारे यंत्र परके वाटले नसावे. पुढे १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी चार टप्प्यांचे इंजिन उभे केले. झडपा ठरल्या वेळी उघडण्याचे काम अशा इंजिनांत हाच कॅम करू लागला. मांगरात आमच्या पुढ्यात पडलेला दांडा अशा मोठ्या कुळातला होता. फक्त त्याचे घर कोणते ते कळत नव्हते.

कणकवलीला एक वयस्क, जाणते मेस्त्री राहत. काकांचे ते जुने स्नेही. आम्ही दांडा घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते पाहताक्षणी नाव सांगतील अशी आमची अपेक्षा. त्यांनी दांडा हातात घेतला, वजन जोखले आणि परत आमच्या हाती दिला. सोबत वर्निअर आणि मायक्रोमीटर दिला.

“तेका नाव इचारू नकात,” ते म्हणाले, “काम इचारा. आधी मोजा, मगे माका सांगा.”

ही शिकवण आम्ही पुढे अनेक ठिकाणी वापरली आहे. अनोळखी वस्तूला, आणि कधी कधी अनोळखी माणसालाही, ‘तू कोण?’ असे विचारण्यापेक्षा ‘तू काय करत आलास?’ असे विचारले तर उत्तर लवकर मिळते.

पहिले काम धुण्याचे. रॉकेल आणि मऊ ब्रश एवढेच वापरायचे. पॉलिश पेपर लावायचा नाही. कारण गंज काढण्याच्या नादात अंगावरच्या खुणाच पुसल्या जातात आणि त्याच तर वाचायच्या असतात. धुतल्यावर दोन लोबांच्या मधल्या खडबडीत भागावर ओतीव आकडे उठून दिसले. आम्हांला वाटले, झाले, नाव मिळाले. मेस्त्रींनी मान हलवली. ओतीव आकडा हा बहुधा ओतकामाच्या साच्याचा असतो. एकाच साच्यातून निघालेले दांडे पुढे वेगवेगळ्या मापांनी घासले जातात आणि वेगवेगळ्या इंजिनांत जातात. तो आकडा म्हणजे आडनाव. त्यावरून माणूस कळत नाही.

दुसरे काम मोजणीचे. लोब आठ भरले. मारुती ८०० च्या त्या काळच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनाला दर सिलिंडरला दोन अशा सहा झडपा होत्या, म्हणजे सहा लोब. तेव्हा मारुती बाद झाली. आठ लोब म्हणजे चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन झडपा. मधोमध तिरप्या दात्यांचे एक चक्र दांड्यातच कोरलेले होते. अशा चक्रावरून डिस्ट्रिब्यूटर फिरवतात. दांडा ज्यांवर टेकून फिरतो ते गोल, गुळगुळीत भाग, म्हणजे जर्नल, तीन होते आणि लोबांपेक्षा जाड होते. असा दांडा एका टोकाकडून आत सरकवून बसवतात. जर्नल जाड नसते तर लोब वाटेतच अडले असते. महिंद्राने ज्या विलीज जीपचा वारसा घेतला तिच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात कॅमशाफ्ट चार जर्नलांवर फिरतो. आमचा तीनच जर्नलांचा. जीपही बाद झाली.

आता फियाट आणि ॲम्बॅसिडर अशी दोन नावे शिल्लक राहिली. येथे आम्ही एका खुणेवर फार भिस्त ठेवली होती. लोबांची टोके कोणत्या क्रमाने वर येतात हे पाहून इंजिनाचा पेट घेण्याचा क्रम वाचता येतो. चार सिलिंडरांच्या इंजिनात एकाच कामाचे लोब एकमेकांपासून पाव फेऱ्याने वळलेले असतात. दांडा दोन टेकूंवर ठेवून आम्ही हळूहळू फिरवला आणि खडूने खुणा केल्या. क्रम निघाला एक, तीन, चार, दोन. आम्ही आनंदाने उड्या मारल्या असत्या. पण फियाटचा क्रमही तोच, ॲम्बॅसिडरचाही तोच, आणि बाद झालेल्या जीपचाही तोच. जी खूण सर्वांच्या अंगावर आहे ती कोणाचीच ओळख पटवत नाही. माणसांविषयी आपण ‘अमक्या गावचे लोक असेच’ म्हणतो तेव्हा याच जातीची खूण पुढे करत असतो.

मग मांगरातील चिठ्ठीवाला फियाटचा कॅमशाफ्ट आठवला. तो आणून शेजारी ठेवला. अनोळखी दांडा लांब भरला. लोबांमधील अंतरेही मोठी. याचा अर्थ मेस्त्रींनी समजावून सांगितला तेव्हा आम्ही थक्क झालो. लोब झडपांखाली असतात, झडपा सिलिंडरवर असतात. म्हणून लोबांमधली अंतरे म्हणजे सिलिंडरांमधल्या अंतरांची सावली. फियाट ११०० च्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर आणि चार सिलिंडर मिळून १०८९ घन सेंटिमीटर. ॲम्बॅसिडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचा व्यास सुमारे ७३ मिलिमीटर, धाव ८८.९ मिलिमीटर आणि एकूण १४८९ घन सेंटिमीटर. जाड सिलिंडर शेजारी शेजारी उभे करायचे तर ठोकळा लांब होणार आणि त्यातून जाणारा दांडाही लांब होणार. इंजिन समोर नाही, ठोकळा नाही, गाडी नाही. तरी एका दांड्यावरून त्या न दिसणाऱ्या इंजिनाची रुंदी वाचता येत होती. 

शेवटची साक्ष आट्यांनी दिली. दांड्याच्या पुढच्या टोकाला, जेथे साखळीचे चक्र बसते, तेथे नटासाठी आटे होते. मिलिमीटरच्या मापाचा नट दोन फेऱ्यांत अडला. इंचाच्या मापाचा नट अलगद आत गेला. फियाट इटलीतील तुरीन शहराची लेक. तिचा सारा संसार मिलिमीटरांचा. ॲम्बॅसिडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीची भारतीय बहीण. तिचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातले आणि त्या घराण्यात इंचाचा कारभार. जन्मभूमी बदलली, भाषा बदलली, बंगालात ओतकाम झाले. पण आट्यांनी मूळ गाव विसरले नव्हते.

मेस्त्रींनी तेव्हा कुठे कपाटातून तेलकट झालेले जुने पुस्तक काढले. बी-सिरीजच्या कॅमशाफ्टचे तीन जर्नल पुढून मागे क्रमाने बारीक होत जातात, सुमारे ४५.४, ४३.९ आणि ४१.२ मिलिमीटर. आम्ही वहीत लिहिलेली मापे त्यांच्यापुढे ठेवली. झिजेपुरता केसभर फरक सोडला तर तिन्ही जुळली. मुक्या दांड्याला वाचा फुटली होती. चिठ्ठीवर मात्र मेस्त्रींनी नुसते ‘ॲम्बॅसिडर’ लिहू दिले नाही. १९८४ साली आलेल्या काँटेसा गाडीतही सुरुवातीला हेच १४८९ चे इंजिन होते आणि उलट १९९० च्या दशकात ॲम्बॅसिडरमध्ये इसुझूचे १८०० चे निराळे इंजिन मिळू लागले होते. गाडीचे नाव हे कपड्याचे नाव. भाग विकायचा तो इंजिनाच्या नावाने. 

एवढ्यावर हा लेख संपला असता तर तो केवळ एका कोड्याच्या उत्तराचा लेख झाला असता. परंतु मेस्त्रींनी विचारले, “नाव गावला. आता तब्येत कशी हा ती बगलात?”

वापरलेल्या कॅमशाफ्टची ओळख त्याच्या झिजेशिवाय पूर्ण होत नाही. प्रत्येक लोबाची उंची दोन प्रकारे मोजायची. टोकापासून पाठीपर्यंत एकदा आणि त्याला आडवी, गोल भागावर, दुसऱ्यांदा. पहिल्यातून दुसरे वजा केले की लोब टॅपेटला किती उचलतो ते कळते. धुरासाठीचे चारही लोब एकमेकांशी जुळले. हवेसाठीच्या चारांपैकी तीन जुळले. पुढून सहावा लोब मात्र जवळजवळ एक मिलिमीटरने बसका निघाला. त्याचे टोक चपटे झाले होते आणि बोट फिरवले तर बारीक खाचा लागत होत्या. या इंजिनात झडपा पुढून मागे अशा लागतात : धूर, हवा, हवा, धूर आणि पुन्हा धूर, हवा, हवा, धूर. तेव्हा सहावा म्हणजे तिसऱ्या सिलिंडरची हवेची झडप. ज्या गाडीत हा दांडा होता ती गाडी घाटात दमत असणार, तिचा तिसरा सिलिंडर अर्ध्या श्वासावर राबत असणार. न पाहिलेल्या गाडीचे दुखणे आम्ही वर्षांनंतर बोटाने चाचपत होतो.

झिजेविषयी मेस्त्रींनी आणखी एक गोष्ट सांगितली. लोब आणि त्याच्यावरचा टॅपेट एकमेकांवर घासत एकमेकांच्या जोगते होतात. जुने टॅपेट काढले तर ते मोजून, क्रमाने ठेवावेत आणि पुन्हा ज्याच्या त्याच्या जागीच बसवावेत. एकाचा टॅपेट दुसऱ्याच्या लोबावर ठेवला तर दोघेही लवकर मरतात. दांडा दुसऱ्या इंजिनात जायचा असेल तर टॅपेट नवे घ्यावेत. चाळीस वर्षे संसार केलेल्या जोडप्यांनी हे वाचले तर त्यांना वेगळे स्पष्टीकरण नको. काकांच्या माघारी काकी दोन माणसांचा चहा टाकून मग भानावर येत असे, ते आम्ही त्याच महिन्यात पाहत होतो.

आता खरा प्रश्न उभा राहिला. कुडाळकडचे एक गॅरेजवाले आमची यादी पाहून येणार होते. त्यांच्याकडे एक ॲम्बॅसिडर उघडून पडली होती आणि त्यांना याच कॅमशाफ्टची निकड होती. एक मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही. दांडा ग्रीसमध्ये माखून ठेवला तर बोटालाही लागत नाही. पतसंस्थेचा हप्ता तोंडावर होता, मुलीची परीक्षा फी भरायची होती आणि चांगल्या कॅमशाफ्टची किंमत व बसक्या कॅमशाफ्टची किंमत यांत त्या दोन्ही गरजा भागतील एवढे अंतर होते. जुना माल घेणाऱ्याने पाहून घ्यावा, ही बाजाराची रीतच आहे, असे आमच्यापैकी एकाने म्हटलेही.

काकी चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, “इकूचा तर खरा सांगून इकूचा. ह्या घरात त्येंनी खोट्याचे पैशे कधी हाडूक नाय.”

चिठ्ठीवर मग आम्ही इंजिनाचे नाव लिहिले, तिन्ही जर्नलांची मापे लिहिली आणि खाली ठळक लिहिले : सहावा लोब बसका, सुमारे एक मिलिमीटर. गॅरेजवाले आले. त्यांनी चिठ्ठी वाचली, स्वतःच्या मायक्रोमीटरने पुन्हा मोजले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी दांडा घेतला. किंमत अर्थात कमी दिली, पण घेतला. कारण दोष कोठे आणि किती हे कळल्यावर उपाय ठरवता येत होता. फोंडा घाटावरून कोल्हापूरला पाठवून सगळे लोब पुन्हा घासून घेता येणार होते; घासल्याने पाठ थोडी खाली गेली तरी रॉकरच्या स्क्रूने तेवढी फट भरून काढता येते. जाताना त्यांनी यादीतील फियाटचे बरेच भाग न मोजता, केवळ काकांच्या चिठ्ठ्यांवर विश्वासून उचलले. हप्ता त्या पैशांतून गेला. फीसाठी काकीला आपल्या दोन बांगड्या गहाण ठेवाव्या लागल्या, हेही येथे सांगितले पाहिजे. खरे बोलण्याचा मोबदला प्रत्येक वेळी पुरेपूर मिळतो असे आम्ही म्हणणार नाही.

लपवलेला दोष इंजिन फोडतो आणि सांगितलेला दोष दुरुस्त होतो. प्रायश्चित्त संस्काराची शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण तिच्यामागचे शहाणपण किती व्यवहारी आहे हे आम्हांला त्या चिठ्ठीवर समजले. कबुलीने झीज भरून येत नाही. ती कोठे आहे ते मात्र कळते आणि तेथून पुढे घासण्याचे काम सुरू होऊ शकते.

आणखी एक विचार मनात घर करून राहिला. नवा कोरा कॅमशाफ्ट शेजारच्या दुसऱ्या कोऱ्या कॅमशाफ्टसारखाच असतो. वापरलेला मात्र एकमेव असतो. त्याची ओळख पटवताना कामाला येतात त्या त्याच्या जखमा. सिंधुदुर्ग किल्ल्यात चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे महाराजांचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपले जातात. आपण तेथे जातो आणि त्या ठशांपाशी गप्प होतो. संत योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित प्रभूने शंकेखोर थोमापुढे ठेवले ते तेजोवलय नव्हे. ठेवल्या त्या खिळ्यांच्या खुणा आणि कुशीतली जखम. थोमाने ओळखले ते त्यांवरून. वैभव कोणाचेही असू शकते. विशिष्ट ठिकाणची विशिष्ट जखम ज्याची त्याचीच असते. मेस्त्रीलोकांच्या हातांकडे पाहावे. काळवंडलेली नखे, भाजल्याचे डाग, एखादे वाकडे बोट. ते हात आणखी कोणाचे असूच शकत नाहीत.

त्यानंतर काळ फार पुढे गेला. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले. मारुती ८०० आणि ॲम्बॅसिडर या दोन्ही गाड्या २०१४ साली बनायच्या बंद झाल्या. मुंबईच्या रस्त्यांवर आपल्या कितीतरी चाकरमान्यांनी ज्या काळ्यापिवळ्या पद्मिनी हाकल्या, त्यांतील अखेरची नोंदलेली टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरातील होती. वीस वर्षांची मुदत भरून तीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता मालवणातही विजेवर चालणाऱ्या मोटारी दिसतात. त्यांना झडपा नाहीत, म्हणून कॅमशाफ्टही नाही. उद्याच्या मुलांना हा दांडा दाखवला तर ती त्याला काय म्हणतील कोण जाणे. दुःख यंत्र जाण्याचे नाही. यंत्रे येतात आणि जातात. पण एखादी गोष्ट हातात घेऊन, तिला घाईने नाव न चिकटवता, मोजत मोजत तिच्या खऱ्या नावापर्यंत जाण्याची जी सवय त्या यंत्रांनी दोन पिढ्यांच्या हातांना लावली, ती यंत्रांबरोबर जाऊ नये असे मनापासून वाटते.

आपल्या धर्मग्रामांत २ नोव्हेंबरला सर्व मृत भाविकांचा स्मृतिदिन पाळतात. कबरींवर मेणबत्त्या लागतात, नावे वाचली जातात. मालवणच्या पावसाने कित्येक जुन्या क्रुसांवरची अक्षरे पुसून टाकली आहेत. तेथे कोण निजले आहे हे सांगणारे कोणी उरलेले नाही. तरीही त्या दिवशी ख्रिस्तसभा ज्यांची आठवण काढणारे कोणी नाही अशांसाठीही प्रार्थना करते. या प्रार्थनेचा अर्थ आम्हांला आता अधिक उमगतो. कोणताही जीव किलोच्या भावाने तराजूत टाकायचा नसतो. ज्याने घडवले त्याच्याजवळ प्रत्येकाची चिठ्ठी आहे आणि तिच्यावर नावाबरोबर झिजेचाही हिशेब आहे. आपण आपल्या परीने एवढेच करू शकतो. घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्या वस्तूंची, कामांची आणि कष्टांची नावे त्यांना विचारून ठेवावीत आणि ती पुठ्ठ्याच्या तुकड्यावर का होईना, लिहून ठेवावीत.